आतल्यांचा काटा

बाभळीचा काटा अडकित्त्याने तिरपा कापायचा असतो. सरळ कापला तर गाणं घोगरं येतं, आणि फार तिरपा कापला तर निम्म्या गाण्यात टोक मोडून पडतं. काटा चांगला वाळलेला, पांढरा आणि बोटभर लांब हवा. तो दोन दिवस चुलीच्या कडेला शेकत ठेवायचा, मग कापायचा आणि टोक सहाणेवर चार वेळा फिरवून घ्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. लढाईत फोनोच्या पोलादी पिना बाजारातून नाहीशा झाल्या, तेव्हा चाळीस-पन्नास काटे वाया घालवून मी आपली आपण शिकले. सासरी माझं कौतुक झालं ते या एका कामाबद्दल. भाकरी माझ्या शेवटपर्यंत जाडच राहिल्या.

माहेर माझं सांगलीचं. वडील हळदीच्या अडतीवर कारकून होते. आमच्या घरासमोर चहाचं दुकान होतं आणि दुकानदाराकडे फोनो होता. सकाळी नळावर घागरी लावल्या की शेजारची एक मैत्रीण आणि मी त्या फोनोकडे कान लावून उभ्या राहायचो. तिला बारीक, गोड, पाकात बुडवून काढलेले आवाज आवडायचे. मला आवडायचा जरा भरड आवाज, ज्यात गाणाऱ्या बाईला दम लागलेलाही ऐकू येतो. ती म्हणायची, तुझी बाई गाते का जात्यावर बसलीय. मी म्हणायचे, तुझी गाते का मांजराला बोलावते. एकदा यावरून आम्ही चार दिवस अबोला धरला होता. घागरी भरून वाहून जायच्या तरी आमचं संपायचं नाही. आता वाटतं, काय सुख होतं ते. आवडतं ते मोठ्याने सांगावं, समोरच्याने ते मोडीत काढावं, आपण पुन्हा तावातावाने सांगावं. लग्न झालं आणि ते सगळं एका दिवसात बंद पडलं.

लग्न झालं बेचाळीसच्या उन्हाळ्यात. सासर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या पलीकडे. उसाची जमीन, चार बैलजोड्या, आणि घरात गोशा. सांगलीच्या पोरीला गोशा म्हणजे काय ते ऐकून माहीत होतं, अंगावर आल्यावर कळलं. माजघराच्या चौकटीपर्यंत मी. चौकटीला पडदा. पडद्याच्या पलीकडे सोपा, तो पुरुषांचा. सुनेने तिथे पाऊल टाकायचं नाही, पुरुषमाणसाला आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. देवीला जायचं तर झाकलेल्या गाडीतून. पाणी गडी आणून देणार, सोपा गडी झाडणार. माझी धाव परसातल्या तुळशीपर्यंत, आणि तिथेही भिंत पुरुषभर उंच. पहिले दोन महिने मी त्या भिंतीचे दगड मोजले. मोजून झाले की पुन्हा मोजायचे.

आणखी एक गोष्ट आईने पाठवणीच्या वेळी कानात सांगितली होती. म्हणाली, लिहिता-वाचता येतं हे आपणहून सांगू नकोस, शिकलेली सून म्हटलं की खेड्यातले लोक बिचकतात. विचारलं तर खोटं बोलू नकोस. कोणी विचारलंच नाही. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, अंगठेबहाद्दर. सासूबाई आधीच वारलेल्या. त्यांच्या जागी मामंजींची विधवा बहीण, आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. त्यांनाही अक्षर येत नव्हतं. आत्याबाई घरची लेक, म्हणून त्यांना गोशा नव्हता, त्या सोप्यात मोकळ्या जायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि विधवेचा हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

आमचे हे पलटणीत. लग्नाला रजा काढून आले होते आणि हळद उतरल्यावर अकरा दिवसांनी परत जायचं होतं. येताना पुण्याहून फोनो आणि चौदा तबकड्या आणल्या होत्या. अकरा दिवसांत आम्ही किती बोललो असू? पाणी द्या, घ्या, जेवलात का, एवढंच. दिवसा घरात माणसं, आणि आम्ही दोघंही मुखदुर्बळ. शेवटच्या दिवशी दुपारी सगळे मळ्यात गेले होते, तेव्हा यांनी फोनो उचलून आतल्या खोलीत आणला. एक तबकडी काढून मला दाखवली. कोरेगावच्या स्टेशनात उतरताना हातातून निसटली होती आणि काठाचा टवका उडाला होता.

"पैली वळ गेली तिची," हे म्हणाले. "पिन जरा आत ठिवावी लागती. बाकी शाबूत हाय."

पिन आत ठेवली आणि मधूनच एक बाई गायला लागली. भरड आवाज, थेट माझ्या सांगलीच्या बाईच्या जातीचा. नाटकातलं गाणं होतं. अर्थ एवढाच की पहारेकरी पेंगतोय, मागचं दार लोटलेलं आहे, नदीच्या वाटेने ये. माझ्या अंगावर काटा आला. यांनी विचारलं, कशी वाटली. मी मेली पदराचं टोक पिळत बसले. नळावर भांडभांड भांडणारी मी, आणि नवऱ्याने आवड विचारली तर जीभ टाळ्याला चिकटली.

हे हसले. "आता न्हाई सांगितलं तरी चालंल," म्हणाले. "ही माजी सगळ्यात आवडीची. मी आबांना सांगून ठिवतो, दर बेस्तरवारी फोनो लावा, आतल्यांची बी एक बारी धरा, अन् कुणी काय मागितलं ते मला पत्रात कळवा. तुमाला आवडली असंल तर हीच मागा. मला कळंल."

म्हणजे हो म्हणायची सोयच करून दिली त्यांनी मला. हो कशाला म्हणायचं तेही मला समजलं होतं. गाण्याला म्हणायचं, आणि त्यांनाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मामंजींनी लेकाचा शब्द पाळला. गुरुवारी त्यांचा उपास असायचा, त्यामुळे संध्याकाळी लवकर मोकळे व्हायचे. दिवेलागणीला सोप्यात घोंगडं पडायचं आणि त्यावर तिघं बसायचे. एक मामंजी, दुसरे गावच्या शाळेचे मास्तर, तिसरा माणदेशाकडचा एक धनगर. तो दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन आमच्या रानात खतासाठी बसवायला यायचा आणि उन्हाळ्यापर्यंत राहायचा. प्रत्येकाची एक बारी, आणि चौथी आतल्यांची. तबकड्यांची खरी नावं कोण वाचणार? मास्तर सोडले तर सोप्यात कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांना खुणेची नावं पडली. हसणारी, हिरव्या चकतीची, मेंढराची, टवक्याची.

हसणारी मामंजींची. तिच्यात गाणं नव्हतंच, दोन माणसं काहीतरी बोलायची आणि मग एक जण खो-खो हसत सुटायचा. दर गुरुवारी तीच, आणि दर गुरुवारी मामंजी त्या माणसाच्या आधी हसायला सुरुवात करायचे. धनगराला एका बुवांचा आलाप आवडायचा, ज्यात शब्द म्हणून नव्हताच. मामंजी त्याला म्हणायचे, काय रं गड्या, दात दुखतोय का त्येचा. धनगर शांतपणे सांगायचा, आवं मालक, लांबच्या टेकाडावरनं मेंढराला साद घालताना असाच गळा लावावा लागतो, तुमाला मेंढरं न्हाईत म्हनून कळत न्हाई. तेव्हापासून ती मेंढराची तबकडी झाली. मास्तरांची आवड दर आठवड्याला बदलायची. आदल्या दिवशी कुणी काय चांगलं म्हटलं असेल ते मास्तरांना आवडायचं. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. पोळपाटावर पाल पडली तरी इकडेतिकडे बघून मग दचकणारा.

पडद्याआड आत्याबाई आणि मी. मला किती बोलावंसं वाटायचं म्हणून सांगू. धनगराचं मला पटायचं, अगदी मनापासून. त्या आलापात एक जागा होती, जिथे बुवा खाली उतरता उतरता थांबायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो तीच जागा, पुन्हा लावा. धनगरही नेमका तिथेच "वा" म्हणायचा. म्हणजे त्या घरात माझ्या कानाचा एक माणूस होता, चार हातांवर बसलेला, आणि त्याला माझी साधी खबर नव्हती. मी तोंडात पदर कोंबून बसायचे.

आतल्यांची बारी एकच. आत्याबाईंचा हक्क पहिला. त्यांना हिरव्या चकतीचं भजन आवडायचं, घरात भजनाची तेवढी एकच तबकडी होती. पहिल्या गुरुवारी त्यांनी मला विचारलं, कंची लावायची. मी खाली मान घालून टवक्याची तबकडी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुजी लाव," म्हणाल्या. "माजं काय, मी तोंडानं म्हनते."

आणि मग कधीच त्यांनी आपली बारी मागितली नाही. पिना होत्या तोवर पिन, नंतर काटा, हातात घेऊन त्या सोप्यात जायच्या आणि सांगायच्या, आतल्यांना टवक्याची. पिना संपत आल्या तेव्हा आम्ही वापरलेल्याच पिना दगडावर घासून पुन्हा लावल्या, वर्षभर तरी. त्याने तबकड्यांचं वाटोळं होतं हे कुणाला ठाऊक होतं? मग काटे आले. एका काट्यावर एक बाजू. ज्याची बारी त्याचा काटा. बाभळीच्या फांद्या कुंपणावरून गडी आणून टाकायचा आणि सगळ्यांचे काटे मी तासायचे. आतल्यांचा सगळ्यात चांगला ठेवून घ्यायचे, खोटं कशाला बोलू.

यांचा पत्ता गणपतीच्या सुमाराला कळला आणि तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी पत्र लिहिलं जायचं. मामंजी सांगायचे, मास्तर एकेक वाक्य मोठ्याने म्हणत लिहायचे. ऊस चांगला आहे. तांबडी गाय व्यायली. मग फोनोचं. मामंजी म्हणायचे, माजी हसनारी, धनगराची मेंढराची, आन् आतल्यांनी टवक्याची मागितली म्हनून लिवा. मास्तर म्हणायचे, आतल्यांनी टवक्याची मागितली. टाकाची कुरकुर ऐकू यायची. मी पडद्याआड लाजेने लाल व्हायचे. गेलं, वाटायचं. आता पोचणार.

पहिलं उत्तर दिवाळीच्या सुमाराला आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. सर्वांस नमस्कार, तब्येत ठीक, इकडे वाळू फार, फोनो जपून वापरा. मी पडद्याला कान लावून ऐकत होते. टवक्याचं एक अक्षर नाही. मनात म्हटलं, घाईत लिहिलं असेल. पुढच्या पत्रातही नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. वाचून झालं की मामंजी पत्र सोप्यातल्या खुंटीच्या तारेत टोचून ठेवायचे. पडद्याच्या फटीतून ती तार मला दिसायची. तिथवर सात-आठ पावलं. मला वाचता येत होतं, पण ती पावलं टाकता येत नव्हती. आत्याबाईंना म्हणावं, पत्र आत आणा, तर त्या विचारणार, तुला काय करायचंय कागद? आईने झाकायला सांगितलेलं मी इतकं घट्ट झाकलं होतं की आता उघडायला तोंडच नव्हतं. माझी मीच कडी लावून घेतली होती.

वर्ष गेलं. दुसरं गेलं. मी दर गुरुवारी काटा पाठवत होते आणि तिकडून काही येत नव्हतं. मनात काय काय यायचं. विसरले असतील. किंवा आवडलंय हे कळलं आणि तेवढ्यावर काम झालं. किंवा मी अशी शृंगाराची तबकडी मागते म्हणून मनातून उतरले असेन. हे शेवटचं फार छळायचं. एका गुरुवारी मला असा संताप आला की आत्याबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आज मेंढराची. सोप्यात ते कळलं तेव्हा मामंजी चकित झाले आणि धनगर म्हणाला, आतबी कुनाला तरी कान हाय म्हनायचा. तेवढं एक वाक्य मला त्या सगळ्या काळात दुसऱ्या श्रोत्याकडून मिळालं. मी चुलीपुढे बसून रडले. पुढच्या गुरुवारी पुन्हा टवक्याची.

लढाई संपली तरी हे लगेच सुटले नाहीत. आले ते शेहेचाळीस सालच्या फाल्गुनात. वाळले होते, काळे पडले होते, आणि पहिल्यापेक्षा कमी बोलत होते. खोलीत आल्यावर त्यांनी ट्रंकेतून एक पुडकं काढलं, तीनदा कापडात गुंडाळलेलं. आत पाच कोऱ्या तबकड्या. पाचही भजनाच्या.

"तुमच्यासाठी मुंबईत घेतल्या," म्हणाले. "मांडीवर धरून आणल्या. एक बी फुटली न्हाई."

मी त्या हातात घेतल्या आणि एकेक चकती पाहत गेले. म्हणजे मनातून उतरले हेच खरं. मला वळण लावायला भजनं आणली. नाहीतर हे स्वतःच लढाईत देवभक्त झाले असतील, तिकडे माणसं मरताना बघून होतातही. मी मान हलवली, छान आहेत म्हटलं. पुढचे दोन महिने आतल्यांच्या बारीला मी भजन मागत राहिले, त्यांना बरं वाटावं म्हणून. हे सोप्यात बसून मुकाट ऐकायचे. आत्याबाई माझ्याकडे बघायच्या आणि काटा घेऊन सोप्यात जायच्या. टवक्याची तबकडी पेटीत तळाशी गेली. ना ते लावत, ना मी मागत. इतक्या सभ्यपणाने आम्ही एकमेकांना छळत होतो की आज आठवलं तरी चीड येते.

मग एका सकाळी पडद्याआडून ऐकलं. हे मामंजींना सांगत होते की पुन्हा नोकरीवर सही केली आहे, शनिवारी निघायचं आहे. मामंजी भडकले. जमीन कोण बघणार, वंश कसा चालणार, सगळं बोलून झालं.

"घरात सगळं ठीक हाय, आबा," हे म्हणाले. "माज्यावाचून हितं कुनाचं अडलंय?"

माझं अडलं आहे, हे चार वर्षं मी दर गुरुवारी सांगत होते. आणखी कसं सांगायचं असतं?

गुरुवारी दुपारी आत्याबाईंनी मला ट्रंक भरायला सांगितली. तळाशी मेणकापडात बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. घरून गेलेली पत्रं, मास्तरांच्या वळणदार अक्षरातली. चार वर्षांत हाताने लिहिलेलं अक्षर माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. पहिलं उघडलं. ऊस उत्तम आहे. तांबडी गाय व्यायली. वडिलांना विनोदी तबकडी प्रिय. आणि मग: आतील मंडळी भजनात रमतात. दुसरं उघडलं. आतील मंडळींस भजनावाचून दुसरे काही रुचत नाही. तिसरं. चौथं. सगळ्यात तेच. एका पत्राच्या मागे पेन्सिलीने काही खरडलेलं होतं, यांच्या उत्तराचा कच्चा मसुदा असावा. त्यात लिहिलं होतं, आतल्यांनी टवक्याची कधीच मागितली नाही का, एकदा विचारून कळवावे.

मला आधी मामंजींचा संशय आला. पण मामंजींचा आवाज मी स्वतः ऐकला होता, दर महिन्याला. मग उरला तो हात फक्त मास्तरांचा. तोंडाने टवक्याची म्हणत होता आणि कागदावर भजन लिहीत होता. आणि येणारी पत्रं वाचतानाही तेवढी ओळ गिळत होता.

संध्याकाळी सोप्यात सगळे जमले. हेही होते, जायच्या आधीचा शेवटचा गुरुवार. आत्याबाईंनी हात पुढे केला आणि विचारलं, आज कंचं भजन. मी काटा त्यांच्या हातात दिला नाही. एका हातात काटा, दुसऱ्या हातात पत्रं घेऊन मी पडदा बाजूला केला आणि चौकट ओलांडली. सोप्याची जमीन पायांना गार लागली, तेवढं नीट आठवतं. मामंजी अर्धवट उठले. धनगराने पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, बिचाऱ्याने माझी लाज राखली. मी पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. आतील मंडळी भजनात रमतात. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. सून सोप्यात आली हा एक धक्का, आणि सुनेला वाचता येतं हा दुसरा. कुणाला कशाचा जास्त बसला सांगता येत नाही.

"मामंजी," मी म्हटलं, "तुमी असं सांगितलं होतं का?"

मामंजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खालच्या आवाजात सांगितलं. पलटणीची पत्रं सरकार उघडून वाचतं. बेचाळीसच्या चळवळीपासून आपल्या भागात रोज पोलीस, कोण कुठल्या मळ्यात लपलाय म्हणून दारं ठोठावतायत. अशात पत्रात लिहायचं, इतक्या पिना संपल्या, आतल्यांना टवक्याची पाहिजे. साहेब काय समजेल? मग वाटलं गाण्याचं खरं नाव लिहावं, तर तबकडीवर वाचलं, पहारेकरी पेंगला, मागचं दार, नदीची वाट. गावातली भूमिगत पोरं खरोखरच नदीच्या वाटेने मागच्या दाराला येत होती.

"मी सरकारी नोकर, वहिनीसाहेब," मास्तर म्हणाले. "भजन लिहिलं. एकदा लिहिलं, मग बदलता येईना."

आज मला मास्तरांची भीती समजते. तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

हे उठले. फोनोची पेटी उघडून त्यांनी सगळ्या तबकड्या काढल्या आणि एकेक कंदिलापुढे तिरपी धरून पाहायला लागले. काळी, चकचकीत. काळी, चकचकीत. मेंढराची निम्मीच झिजलेली, कारण धनगर वर्षातले सहाच महिने असायचा. मग एक आली जिच्या रेघा झिजून राखेसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. ती हसणारी, मामंजींची. शेवटी तळातून टवक्याची काढली. तीही काठापासून मधल्या चकतीपर्यंत पांढरीफटक. दगडावर घासलेल्या पिनांनी आणि काट्यांनी तिची कातडी सोलून काढली होती. यांनी तिच्या टवक्यावरून अंगठा फिरवला.

"ही कुनी झिजवली?" त्यांनी विचारलं. सगळ्यांदेखत, माझ्याकडे बघून.

"मीच," मी म्हटलं.

"किती बाऱ्या लावली?"

"तुमी येईपर्यंत दर बेस्तरवारी. एक सोडून."

"ती का सोडली?"

"राग आला होता."

त्यांनी माझ्या हातातून काटा घेतला, लावला, पिन ठेवायची ती आतली जागा न बघता बरोबर धरली. खरखर आली, नुसती खरखर, तव्यावर वाळू भाजावी तशी. तिच्या खाली कुठेतरी ती भरड बाई होती. ज्यांना गाणं पाठ होतं त्यांनाच ती ऐकू येत असेल. म्हणजे त्या सोप्यात आम्ही दोघंच. मामंजींनी मला आत जा म्हटलं नाही. बाजू संपेपर्यंत मी तिथेच उभी होते.

सही झालेली होती, ती पुसता येत नव्हती. शनिवारी हे गेले. निघताना टवक्याची तबकडी त्यांनी ट्रंकेत कपड्यांच्या घडीत घातली. आत्याबाई म्हणाल्या, ती आता वाजायची न्हाई रं. हे म्हणाले, ऱ्हाऊ दे. पुढची दोन वर्षं मी पुन्हा त्याच भिंतींत काढली. गोशा सुटला नाही. त्या एका संध्याकाळबद्दल गावात बोलणं झालं ते वेगळंच. मामंजींनी फक्त एक केलं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी कागद आणि टाक पडद्याखालून आत सरकवला.

मी कागद पुढे घेऊन बसले. सांगण्यासारखं चार वर्षांचं साठलं होतं आणि सुचेना काही. वर श्री लिहिलं. सा. न. वि. वि. लिहिलं. मग, त्या दुपारी खोलीत त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर लिहिलं: आवडली. खाली सही केली, कागदाची घडी घातली आणि पाकीट भाताच्या शिताने चिकटवलं. टपालात टाकायला ते मास्तरच घेऊन गेले.